ढोलीतला मोह

चैत्रात गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव भागातली घरं उजाडायच्या आधीच रिकामी होतात. मोहाची फुलं पहाटे गळतात, आणि गुराढोरांनी, हरणा-अस्वलांनी तोंड लावायच्या आत ती टोपलीत यावी लागतात. दुपारी सारवलेल्या अंगणात पांढुरक्या फुलांचा थर पसरतो. तीन-चार कडक उन्हांत तो आक्रसून तांबूस-तपकिरी होतो, चव थेट बेदाण्याच्या वळणावर जाते. वनस्पतिशास्त्राच्या लेखी हे फूल. स्वयंपाकघराच्या लेखी सुका मेवाच.

खरी कसोटी पावसाळ्यात. साखरेने भरलेलं हे फूल दमट हवा चटकन ओढून घेतं. मग बुरशी धरते, कीड लागते. म्हणून शेणमातीने लिंपलेल्या बांबूच्या ढोलीत ते दाबून भरायचं आणि तोंड लिंपून टाकायचं. हल्ली ढोलीच्या जागी प्लास्टिकची पिशवी आली आहे. सोयीची खरी, पण फूल जरा ओलसर राहिलं तर तीही वाचवत नाही.

खायचं तेव्हा आधी भाजायचं, नाहीतर उकडायचं. भाजून तिळाबरोबर कुटलं की लाडू होतात. उकडून वाटलेलं पिठात मळलं की भाकरी किंवा पुरी, तीही गुळाशिवाय गोड. फुलं संपली तरी झाड संपत नाही: पुढे फळं येतात, बियांचं म्हणजे टोळीचं तेल निघतं.

रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड लिहिले. त्यांत गोंडांच्या जगण्यातला मोह ठळकपणे दिसतो. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यात होता (वेगळा झाला 1999 साली). हे खंड येण्याआधीच 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी मध्य प्रांत पोळून काढला होता. धान पावसावर विसंबून असतं, मोहाची मुळं खोल. पीक बुडालेल्या वर्षीही जंगलाकाठच्या घराला या फुलांचा आधार उरे.

सरकारला मात्र त्याच ढोलीत दारू दिसली. 1892 साली मुंबई इलाख्याने मोहफुलांसाठी स्वतंत्र कायदाच केला. गोंदिया त्या इलाख्याबाहेर होता, पण 1956 नंतर विदर्भ मुंबई राज्यात आला आणि मुंबईचे दारूबंदीचे नियम इथेही पोचले. ठरावीक मर्यादेपलीकडे साठा असला की परवान्याचा प्रश्न. लाडवासाठी ठेवलेली फुलं आणि भट्टीसाठी ठेवलेली फुलं यांत फरक करायला कायद्याकडे जीभ नव्हती! 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासीयांची मालकी मान्य केली. त्यानंतरही, 2021 मध्ये राज्याने मोहफुलांचं संकलन, साठा आणि वाहतूक यांवरचे निर्बंध उठवेपर्यंत, ही टांगती तलवार होतीच.

कायदा सैलावला तरी बाजाराचं गणित जुनंच आहे. हंगामात हातात रोख हवी असते, तेंदूपानाची मजुरी अजून महिनाभर लांब असते. मग वाळलेली फुलं व्यापाऱ्याकडे जातात. पावसाळ्यात तीच फुलं आठवडी बाजारात चढ्या भावाने परत दिसतात, आणि ज्या घरची ढोली भरलीच नव्हती, ते घर ती विकत घेतं.