शेपटी नसलेले विमान

विमानाचे चित्र काढायला सांगितले की लहान मूल आधी लांबट धड काढते, मग दोन पंख आणि शेवटी शेपटी. आपल्या मनातले विमानही तसेच असते. अमेरिकेतील अभियंते जॅक नॉर्थ्रॉप यांना मात्र हे धड आणि ही शेपटी म्हणजे फुकटचे ओझे वाटे. विमानाला उचलतात ते पंख. बाकीचे भाग हवेला अडथळा करतात आणि इंधन खातात. मग माणसे, इंजिने, इंधन, बॉम्ब सारे पंखातच का बसवू नये?

या कल्पनेचे छोटे विमान १९४० मध्ये उडाले. ब्रिटन पडले तर अमेरिकेतूनच युरोपवर हल्ला करावा लागेल, या भीतीने १९४१ मध्ये अमेरिकी सैन्याने लांब पल्ल्याच्या बॉम्बफेकी विमानांची मागणी केली आणि नॉर्थ्रॉप यांना संधी मिळाली. त्यांचे एक्सबी-३५ प्रत्यक्ष उडाले ते २५ जून १९४६ रोजी, युद्ध संपल्यावर. पंखांचा विस्तार होता १७२ फूट. एकाच अक्षावर उलटसुलट फिरणाऱ्या पंख्यांच्या जोड्या आणि त्यांचे गिअरबॉक्स मात्र सतत त्रास देत.

म्हणून आठ जेट इंजिने बसवून वायबी-४९ तयार झाले. २१ ऑक्टोबर १९४७ रोजी ते उडाले. वेग वाढला, पण जेटची तहान मोठी, पल्ला घटला. शिवाय शेपटी नसल्याने विमानाचे नाक डावी-उजवीकडे डोलत राही आणि बॉम्बचा नेम धरणे कठीण जाई.

५ जून १९४८ रोजी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटावर एक वायबी-४९ कोसळले. आतील पाचही जण गेले. त्यांपैकी कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स यांचे नाव पुढे तेथील हवाई तळाला देण्यात आले. १९४९ मध्ये याच जातीच्या विमानाने कॅलिफोर्नियाहून वॉशिंग्टन साडेचार तासांच्या आत गाठले. तरीही योजना रद्द झाली आणि अर्धवट विमाने भंगारात गेली. नॉर्थ्रॉप १९५२ मध्ये निवृत्त झाले.

प्रतिस्पर्धी कंपनीत विलीन व्हायला नकार दिल्यामुळे योजना बुडवली, असे त्यांनी १९७९ मध्ये सांगितले. तत्कालीन हवाई दल मंत्र्यांनी ते नाकारले. राजकारण असेल-नसेल, पण विमानातले दोष खरे होते, असे आम्हाला वाटते. कल्पना बरोबर होती. तिला सांभाळणारे साधन तेव्हा नव्हते.

ते साधन म्हणजे संगणक. वैमानिकाच्या हाताला जमणार नाही इतक्या वेगाने तो डोलणे आवरतो. त्यातच उभी शेपटी नसलेला हा सपाट आकार रडारला कमी दिसतो, हेही महत्त्वाचे ठरले. १९८० मध्ये आजारी नॉर्थ्रॉप यांना खास परवानगीने नव्या बी-२ विमानाची गुप्त प्रतिकृती दाखवली गेली. बोलता येत नव्हते. देवाने आपल्याला इतकी वर्षे का जगवले ते आता कळले, अशा अर्थाचे त्यांनी कागदावर लिहिले, असे सांगतात. पुढच्याच वर्षी ते गेले.

बी-२ हे १७ जुलै १९८९ रोजी उडाले. त्याच्याही पंखांचा विस्तार १७२ फूट आहे. ते आकाशात पाहून थक्क होताना आम्हाला नॉर्थ्रॉप आठवतात, आणि वाळवंटात राहिलेले ते पाच जणही.