डोंगरावरची गाडी आणि माणसांची उतरंड

माझे वडील माथेरानला हमाली करीत. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून पाहुण्यांच्या पेट्या डोक्यावर घेऊन ते लाल मातीची वाट चालत. १९०७ पासूनची छोटी आगगाडी त्याच डोंगरावर धावत असे, पण तिच्यात ते कधी बसले नाहीत. मी बी. ए. झालो तेव्हा पदवीचा कागद कुठे ठेवायचा हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. आईने तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला.

आज मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. रेल्वेचा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास म्हणतो, ‘सर, रेल्वेने जात मोडली. डब्यात सगळे एकत्र बसले.’ हेच वाक्य लिहून मीही परीक्षेत गुण मिळवले आहेत. आता त्याची तपासणी केली पाहिजे असे मला वाटते.

या समजुतीला मोठ्या नावांचा आधार आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. त्याच वर्षी कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका दैनिकात भाकीत केले की, रेल्वेतून उभे राहणारे उद्योग जातींना आधार देणारी वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढतील. बाबासाहेबांनी १९३६ साली दुखणे वेगळ्या जागी दाखवले. जात नुसती कामे वाटत नाही. ती काम करणाऱ्या माणसांनाच तोडते आणि एकावर एक रचते. मग प्रश्न असा की, यंत्र आले म्हणजे ही रचना आपोआप ढासळते काय?

यासाठी मी मुद्दाम भारताबाहेरचे उदाहरण घेतो. जिथे मनुस्मृती नव्हती, तिथे काय घडले ते पाहू.

हाँगकाँग ही ब्रिटिशांची वसाहत. खाली बंदर, दमट उकाडा आणि चिनी वस्तीची दाटी. वर ‘पीक’ नावाचा डोंगर आणि थंड वारा. साहेबलोकांनी वर बंगले बांधले. पण वर जायचे कसे? चिनी कुलींच्या खांद्यावरच्या खुर्चीत बसून. सामानसुमानही माणसाच्याच अंगावरून वर चढे.

अलेक्झांडर फिंडले स्मिथ या गृहस्थाने १८८१ मध्ये सरकारकडे डोंगरावर गाडी नेण्याची परवानगी मागितली. १८८५ मध्ये काम सुरू झाले आणि ३० मे १८८८ रोजी ‘पीक ट्राम’ धावली. पहिल्या वर्षी सुमारे दीड लाख लोकांनी तिच्यातून प्रवास केला.

या गाडीला फनिक्युलर म्हणतात. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ पासून चालते ती याच जातीची. तिची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. डब्याला स्वतःचे इंजिन नसते. दोन डबे पोलादी दोराच्या दोन टोकांना बांधलेले असतात आणि दोर वरच्या स्थानकातील मोठ्या चाकांवरून फिरतो. एक डबा उतरतो तेव्हा दुसरा चढतो. रूळ एकच असतो. फक्त मध्यावर तो दुभंगतो आणि तिथे दोन्ही डबे एकमेकांना ओलांडतात. उतरणाऱ्याचे वजनच चढणाऱ्याला वर ओढते. इंजिनाला वजनातला फरक आणि घर्षण एवढेच सोसावे लागते. आधी वाफेच्या आणि १९२६ पासून विजेच्या बळावर हा दोर ओढला गेला. काही ठिकाणी चढ पंचवीस अंशांहून अधिक आहे.

यंत्राचा हिशेब असा समतोलाचा. वजन साहेबाचे की कुलीचे, हे दोराला कळत नाही. माणसांना मात्र ते कळत होते. गाडीत तीन वर्ग केले गेले. पहिला वर्ग वसाहतीचे अधिकारी आणि पीकवरचे रहिवासी यांचा. दुसरा लष्कर आणि पोलिसांचा. तिसरा बाकीच्या माणसांचा, आणि जनावरांचा. हा शेवटचा शब्द वाचून मी पुस्तक मिटले होते. माणसाला जनावराच्या रांगेत बसवणे ही आपल्याच देशाची मक्तेदारी आहे, अशी माझी समजूत होती.

१९०८ पासून पुढच्या दोन जागा गव्हर्नरसाठी राखीव झाल्या. तशी पितळी पाटीच लावलेली होती. गाडी सुटायला दोन मिनिटे उरेपर्यंत त्या जागांवर दुसऱ्या कुणी बसायचे नाही. ही राखीव जागा १९४९ पर्यंत टिकली. आमच्या मुलांच्या राखीव जागांवर नाक मुरडणाऱ्यांनी या राखीव जागेचाही विचार करावा.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. गाडी सुरू होऊन सोळा वर्षे झाली, डोंगर सर्वांना जवळ आला, आणि १९०४ मध्ये कायदा झाला की पीकवर चिनी माणसाने राहायचे नाही. कारण आरोग्याचे सांगितले गेले. अपवाद कोणता? नोकरांचा. स्वयंपाक करणारा, झाडलोट करणारा चिनी चालतो. शेजारी म्हणून चालत नाही. श्रम हवेत, माणूस नको. हे तत्त्व आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. गावकुसाबाहेर आपण ते पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे.

हा कायदा गाडीने मोडला नाही. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी हल्ल्यात ट्रामचे इंजिनघर निकामी झाले, शहर पडले, गोऱ्यांच्या अजिंक्यपणाचा भ्रमही पडला. युद्धानंतर, १९४५ च्या नाताळात, गाडी पुन्हा सुरू झाली आणि १९४६ मध्ये तो कायदा रद्द झाला. दोर तोच होता. बदलले होते ते सत्तेचे वजन. २०२२ पासून तिथे २१० माणसांचे नवे डबे धावतात आणि तिकीट काढणारा कुणीही त्यांत बसतो.

आता माथेरानकडे वळतो. तिथे आगगाडी येऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढतच राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. या आदेशातला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हात सुटले एवढ्याने भागत नाही. हातात काय आले हे विचारावे लागते. यंत्र मालकाचे झाले तर हमाल बेकार होतो. ते हमालाचे झाले तरच तो मोकळा होतो.

यंत्र वाईट आहे असे मी म्हणत नाही. खेड्याकडे चला म्हणणाऱ्यांनी वडिलांची मान पाहिलेली नाही. पेट्यांच्या वजनाने ती कायमची खाली बसली आहे. ती मान मोकळी करण्याची ताकद यंत्रात नक्कीच आहे. पण वर कोण बसणार, खाली कोण राहणार, हे यंत्र ठरवीत नाही. ते आधीच ठरलेले असते आणि यंत्र ते मुकाट्याने ओढते. ते ठरवणे बदलण्यासाठी कायदा लागतो, संघटना लागते, आणि कुणीतरी त्या पितळी पाटीसमोर उभे राहून ‘का?’ असे विचारावे लागते.

आता विद्यार्थी ते वाक्य म्हणाला की मी त्याला एवढेच विचारतो : डब्यात सगळे एकत्र बसले हे खरे; पण उतरल्यावर कोण कुठे गेले?