स्क्रॅबलमधील भारतीय शब्द आणि खानदेश

स्क्रॅबल या इंग्रजी शब्दखेळाच्या मान्य शब्दसूचीत भारतीय भाषांतून गेलेले अनेक शब्द आहेत. पाश्चात्त्य खेळाडू ते विचित्र शब्द म्हणून पाठ करतात. जळगाव व धुळे जिल्ह्यांत मात्र त्यांतील बरेचसे शब्द शेतात, चुलीपाशी आणि कचेरीत नित्य वापरले जातात. येथील खेळाडूला अडचण येते ती अर्थाची नव्हे, तर स्पेलिंगची.

== खेळाचे नियम ==

स्क्रॅबलची मूळ कल्पना अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांची. सध्याच्या नावाने तो १९४८ पासून ओळखला जातो. इंग्रजी खेळात १०० सोंगट्या असतात. 'क्यू' व 'झेड' यांना प्रत्येकी १०, 'जे'ला ८, 'के'ला ५ आणि 'एच'ला ४ गुण मिळतात. खेळाडूला शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. शब्द सूचीत असला की पुरे. विशेषनामे चालत नसल्याने 'खानदेश' किंवा 'अहिराणी' पटावर येऊ शकत नाहीत.

== पिके व झाडे ==

खानदेशातील कळण्याची भाकरी ज्वारी आणि उडीद एकत्र दळून करतात. हे दोन्ही घटक सूचीत आहेत, परंतु हिंदुस्थानी वळणाने: ज्वारी 'जोवार' (जे-ओ-डब्ल्यू-ए-आर, १५ गुण) आणि उडीद 'उर्द' (यू-आर-डी, ४ गुण). उर्दचे गुण थोडे असले तरी तो मोठ्या सोयीचा आहे. त्याच्यापुढे 'सी' लावल्यास दही या अर्थाचा 'कर्ड' आणि 'एस' लावल्यास करणी संख्या या अर्थाचा 'सर्ड' होतो. बाजरी 'बाज्रा' (बी-ए-जे-आर-ए) या रूपात १४ गुण देते.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशाविषयीचा बारावा खंड १८८० मध्ये निघाला. त्यात या पिकांची नावे मराठी उच्चाराला जवळची आहेत. मात्र इंग्रजी कोशांत मुख्यतः उत्तरेकडील रूपे रूढ झाली आणि खेळाने तीच उचलली. मराठी माध्यमाचा विद्यार्थी म्हणूनच येथे फसतो, कारण तो ओळखीचा शब्द कानाने लिहू पाहतो.

पळसाची गोष्ट तशीच आहे. त्याचे सूचीतील नाव 'ढाक' (डी-एच-ए-के, १२ गुण). 'पळसाला पाने तीनच' या म्हणीला हिंदीत 'ढाक के तीन पात' म्हणतात, हे आठवले की शब्द विसरत नाही. सातपुड्यातील आदिवासींच्या आहारात आणि अर्थव्यवहारात महत्त्वाचा असलेला मोह उत्तर अमेरिकेबाहेर प्रचलित असलेल्या कॉलिन्स सूचीत एकाहून अधिक रूपांनी येतो: 'एम-ए-एच-यू-ए', 'एम-ए-एच-डब्ल्यू-ए' आणि 'एम-ओ-डब्ल्यू-ए'. बाभूळ (बी-ए-बी-यू-एल) व तीळ (टी-आय-एल) यांचे मात्र एकच रूप लक्षात ठेवले तरी भागते.

== महसुली शब्द ==

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर खानदेश कंपनी सरकारकडे गेला. मुंबई इलाख्यात पुढे रयतवारी पद्धत रूढ झाली. तीत शेतसारा जमीनदारामार्फत न घेता थेट कसणाऱ्याकडून घेतला जाई. ही रयत इंग्रजीत 'आर-वाय-ओ-टी' अशी लिहिली जाते. याच चार अक्षरांतून 'टोरी' (हुजूर पक्षीय), 'टायरो' (नवशिका) आणि 'ट्रॉय' (सोने-चांदी तोलण्याची पद्धत) हे शब्दही होतात. मराठी वाचकाने अर्थातील फरक ध्यानी घ्यावा: मराठीत रयत म्हणजे सारी प्रजा, तर इंग्रजीत केवळ जमीन कसणारा कूळ-शेतकरी. तालुका, लाख, कोटीसाठी 'क्रोर' व तोळ्यासाठी 'तोला' हे शब्दही ग्राह्य आहेत.

== थेट मराठीतून गेलेला शब्द ==

वरील बहुतेक शब्द हिंदुस्थानी किंवा फारसी वाटेने इंग्रजीत गेले. मुंगूस मात्र मराठीतून गेल्याचे मानले जाते. इंग्रजीत त्याच्या शेवटी हंस पक्ष्याच्या जातीचे 'गूस' हे नाव दिसत असले, तरी त्या पक्ष्याशी त्याचा काही संबंध नाही. म्हणून 'गूस'चे अनेकवचन 'गीस' होत असले, तरी याचे रूढ अनेकवचन 'मॉन्गूसेस' असेच आहे.