सातवीनंतरचा उन्हाळा

आमच्या सीमाभागात शाळेचा निकाल दहा एप्रिलला लागायचा. पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या मावसभावंडांचा एक मेला. त्यांची परीक्षा अजून चालू असायची आणि आम्ही उनाडायला मोकळ्या. पण ज्या वर्षी मुलगी सातवी पास व्हायची, त्या वर्षीचा उन्हाळा वेगळा असायचा. कर्नाटकात प्राथमिक शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल आठवीपासून, आणि ते गावात नसायचंच. म्हणजे दहा एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा या सात-आठ आठवड्यांत काय ते ठरायचं. आज्जी म्हणायची, "सातवी झाली, आता पापडाला हात लागतील." त्यात वाईट हेतू नव्हता, मदतीला माणूस मिळालं एवढाच आनंद होता.

हल्ली शाळेतल्या मुलांच्या समुपदेशनाबद्दल बरंच लिहून येतं. कल कसा ओळखावा, उन्हाळी शिबिरं कोणती निवडावीत, बारा-तेरा वर्षांच्या मुलांशी बोलावं कसं. ते वाचताना मला सारखं वाटतं, की या वयाच्या मुलांना वाट दाखवायचं काम आपल्या समाजात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी हाती घेतलं होतं, पण त्याला हे नाव नव्हतं. ते काम कसं झालं आणि मुलींपर्यंत यायला त्याला इतका उशीर का लागला, ते सांगावंसं वाटतं.

दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ साली निपाणीजवळच्या स्तवनिधीला स्थापन झाली. तुमच्यापैकी कित्येकींनी त्या डोंगराच्या पायऱ्या यात्रेत चढल्या असतील. सभेपुढचा पहिला प्रश्न साधा होता. शेतकरी जैनांची मुलं गावातली शाळा संपली की नांगराला जुंपली जात. शहरात हायस्कूल होतं, पण तिथं पोरानं राहायचं कुठं आणि खायचं काय? १९०१ साली कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग उभं राहिलं. शाहू महाराजांचा आधार होता, मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी देणगीला पुढे होते. पुढे सांगली, बेळगाव, हुबळी इथंही बोर्डिंगं झाली. बेळगावचं माणिकबाग आपल्या सगळ्यांच्या घरातल्या कुठल्या ना कुठल्या आजोबांच्या बोलण्यात यायचंच.

बोर्डिंग म्हणजे नुसती झोपायची जागा नव्हे. दिवस मावळायच्या आत जेवण मिळत होतं. आज हे किरकोळ वाटेल, पण त्या काळी बाप पोराला शहरात पाठवायला तयार होत नसे त्याचं निम्मं कारण हेच. परक्याच्या खाणावळीत रात्रीचं जेवायचं, त्यात कांदा-बटाटा, म्हणजे पोरगं धर्माला मुकलं. बोर्डिंगने ही अडचण स्वयंपाकघरातच सोडवली. मग शिकवणाऱ्या माणसाचा सल्ला बापाच्या कानात शिरायला जागा झाली. कुठल्या शाळेत घालायचं, कुठली परीक्षा द्यायची, वकिली की शिक्षकी, हे सांगायला तिथं शिकलेले लोक होते. अण्णासाहेब लठ्ठे हे त्यांतले मोठं नाव. कुरुंदवाडचा मुलगा एम.ए., एलएल.बी. झाला, पुढे कोल्हापूरचा दिवाण आणि १९३७च्या मुंबई सरकारात अर्थमंत्री झाला. असा एक जण डोळ्यांसमोर असला की पन्नास बापांना वेगळं समजावायला लागत नाही.

बोर्डिंगची गोष्ट सांगायची तर त्यातली लाजेची बाजूही सांगितली पाहिजे. भाऊराव पाटील त्याच कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहत होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. समाजाने आपल्या पोरांसाठी दार उघडलं होतं, पण त्या दाराला उंबरा होता. भाऊरावांनी तो मोडला. मॅट्रिक न झालेल्या या माणसाने १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. खेड्यापाड्यांतून मुलं गोळा करून आणली. आणि ती मुलं जेवली लक्ष्मीबाईंच्या हातचं. धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं, हे आपण भाषणांतून ऐकत आलो आहोत. मला त्या भाषणांत नेहमी एक गोष्ट खटकते. त्यांना 'त्यागमूर्ती' म्हणून पुढच्या वाक्याला वळतात. मी म्हणते, वसतिगृह चालवणं हे कसबाचं काम आहे. कुठल्या पोराला घरची आठवण येते, कोण जेवत नाही, कोण रात्री रडतो, हे त्या बाईला कळत होतं. आजच्या भाषेत तीच समुपदेशक. १९३० साली त्या गेल्या.

आता मुलींचं बघा. माणिकचंद शेठजींची लेक मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. वडिलांनी तिला शिकवलं. तिने, सोलापूरच्या कंकुबाईंनी आणि ललिताबाईंनी मिळून १९१०च्या आसपास महिला परिषद आणि मुंबईचा श्राविकाश्रम उभा केला. सोलापुरातही श्राविकाश्रम झाला, तिथं पुढे पद्मश्री सुमतीबाई शहांनी मोठं काम केलं. या बायांपुढे मी नतमस्तक आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मुलाला वाट दाखवायला समाज आला तेव्हा तो बारा वर्षांचा होता. मुलीकडे आला तेव्हा तिचं लग्न होऊन गेलं होतं, कुंकू पुसलं गेलं होतं, आणि आता हिचं करायचं काय असा प्रश्न पडला होता. पहिली वसतिगृहं मुलांच्या भविष्यासाठी निघाली. मुलींची निघाली ती मोडलेल्या संसाराला टेकू म्हणून. सगळं उरकल्यावर शाळा.

कायद्याचे आकडेही इयत्तांशी जुळवून पाहावेत असं मला अलीकडे सुचलं. शारदा कायदा १९२९चा. मुलीचं लग्नाचं किमान वय चौदा. म्हणजे सातवी संपून एखादं वर्ष. १९४९ला ते पंधरा झालं आणि १९७८ला अठरा. म्हणजे माझ्या आईच्या लहानपणी सातवीनंतरचा उन्हाळा संपेपर्यंत कायद्यानेसुद्धा फारसा अडथळा उरत नव्हता. आणि कायदा विचारतो कोण? आमच्या बाजूला लग्नं वैशाखातच होतात.

स्वातंत्र्यानंतर सरकारी कागदांत मात्र या वयाची मुलं आली. १९५२-५३च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शन अधिकारी आणि करिअर मास्तर असावेत असं म्हटलं. दिल्लीत १९५४ला त्यासाठी केंद्रीय संस्था निघाली. कोठारी आयोगाने १९६६ला आणखी पुढे जाऊन सांगितलं, मार्गदर्शन प्राथमिक शाळेपासूनच सुरू व्हावं. कागद उत्तम होते. माझ्या गावापर्यंत त्यांतला एकही आला नाही. १ नोव्हेंबर १९५६ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो होतो. आठवीला मराठी शाळेत जायचं, कानडी शिकून कानडीत जायचं की नात्यातल्या कुणाकडे हद्दीपलीकडे राहायचं, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच राज्याच्या पुस्तकात नव्हतं.

मी सातवीत असताना शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे फॉर्म शाळेत आले होते. आम्हां मुलींना ते कळलं परीक्षा होऊन गेल्यावर. फॉर्म हेडमास्तरांच्या ड्रॉवरमध्ये होते. विचारलं तर म्हणाले, "तुमच्या घरनं पाठवणार आहेत का पुढं? मग कशाला रुपये घालवायचे?" माणूस दुष्ट नव्हता. आमचे पैसे वाचवले असंच त्यांना वाटलं. माझ्या बाकावरची मैत्रीण गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. त्या वर्षी ती तंबाखूच्या वखारीत आईबरोबर जाऊ लागली. दोन वर्षांनी लग्न. अजून भेटते. भाजीवाल्याचा हिशेब त्याच्या आधी सांगते.

मी वाचले ती आत्यामुळे. आत्या लहानपणीच विधवा झाली आणि सोलापूरच्या श्राविकाश्रमात शिकून मास्तरीण झाली होती. मे महिन्यात माहेरी यायची. सकाळचं पूजा-प्रक्षाळ झालं की बस्तीच्या कट्ट्यावर आम्हां पाच-सहा पोरींना घेऊन बसायची. आधी आलोचनापाठ, म्हणजे घरचे खूश. मग पिशवीतून इंग्रजीचं पुस्तक निघायचं. कानडी मुळाक्षरं गिरवून घ्यायची. अर्ज लिहायला शिकवायची, 'मा. मुख्याध्यापक यांस' पासून 'आपली विद्यार्थिनी' पर्यंत. शेवया वाळत घातलेल्या असायच्या त्यांवर कावळा बसू नये म्हणून एकीने उभं राहायचं आणि उभ्यानेच स्पेलिंग म्हणायचं. हे माझं उन्हाळी शिबिर. फी म्हणून आत्या आमच्याकडून डोकं दाबून घ्यायची.

पण मला हायस्कुलात घातलं ते या शिकवणीमुळे नाही. आत्याने आण्णांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, मुलगी किती हुशार आहे यावर वाद घातला नाही. विचारलं, "दादा, तुझी अडचण सांग." आण्णा खूप वेळ गप्प. मग म्हणाले, "रात्री जेवतात गं तिथं." आत्या दुसऱ्या दिवशी एस.टी.ने बेळगावला गेली. वसतिगृहाच्या बाईंना भेटली. आमच्या समाजाच्या चार मुली होत्या, त्यांना साडेपाचला वेगळं वाढायचं कबूल करून आली. पिशवीत प्रवेशाचा फॉर्मही आणला. आण्णांनी सही केली. आई चुलीपाशी होती. तिने काही म्हटलं नाही, पण त्या वर्षीच्या पापडांना मला हात लावू दिला नाही.

म्हणून मला त्या बोर्डिंगवाल्यांचं आणि आत्याचं काम एकच वाटतं. आजचं समुपदेशन मुलीला खुर्चीत बसवून तिचा कल विचारतं. ते चांगलंच आहे, आम्हांला तेवढंही कुणी विचारलं नव्हतं. पण कल सांगून मुलगी घरी येते, तेव्हा घरात बसभाड्याचा प्रश्न असतो, जेवणाचा असतो, लहान भावाला कोण सांभाळणार हा असतो. त्याला कुणी हात लावला नाही तर तो अहवाल फायलीत.

आता सोयी पुष्कळ आहेत, आणि त्यांची नावंही घराघरांत माहीत नाहीत, म्हणून थोडं सांगते. चिक्कोडी तालुक्यात कोथळीला नवोदय विद्यालय आहे. पाचवीत असताना परीक्षा द्यावी लागते, एक तृतीयांश जागा मुलींच्या. कित्तूरला राणी चन्नम्मांच्या नावाची मुलींची निवासी सैनिक शाळा १९६९पासून आहे, तिथं सहावीला प्रवेश. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएसची परीक्षा असते. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. पास झालं तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार मिळतात. इस्रोचा 'युविका' म्हणून मे महिन्यातला कार्यक्रम २०१९पासून नववीच्या मुलांसाठी आहे. निवडीत आठवीचे गुण मोजतात, आणि अर्ज उन्हाळ्याच्या आधीच भरायचा असतो. सुट्टी लागल्यावर शोधायला गेलं की उशीर झालेला असतो. मुलीच्या मनावर काही ओझं असेल तर १०९८ आणि १४४१६ हे फुकटचे फोन आहेत. १०९८ मुलांसाठीच आहे, आणि ती स्वतः लावू शकते.

एक सोय गेलीही. २०१४ला आपल्याला देशपातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला तेव्हा सत्कार झाले, पेढे वाटले. त्यातून पहिलीपासून दहावीपर्यंत शिष्यवृत्ती मिळू लागली. २०२२ला केंद्राने पहिली ते आठवीची ती बंद केली, फक्त नववी-दहावी ठेवली. म्हणजे नेमकं ज्या वळणावर पोरी गळतात त्याच्या अलीकडचं काढून घेतलं. त्यावर आपल्या किती सभांत ठराव झाले? मी तीन सभांना होते. तिन्हीत पंचकल्याणकाच्या बोलींवर चर्चा झाली.

आमच्या बस्तीत आता रीतसर उन्हाळी संस्कार शिबिर होतं. मंडप, टी-शर्ट, सकाळी योगासनं. छान असतं, पोरं आनंदाने येतात. गेल्या वर्षी मी कमिटीकडे रोजचा एक तास मागितला, फॉर्मांसाठी. आधी म्हणाले धर्माच्या शिबिरात हे कशाला. मी आत्याच्या कट्ट्याची गोष्ट सांगितली. अर्धा तास मिळाला, दुपारी दोनचा, सगळ्यांना झोप येते ती वेळ. मी घेतला.

पहिल्या दिवशी अकरा मुली बसल्या. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक, काय काय लागतं ते फळ्यावर लिहिलं. नऊ जणींकडे बँकेचं खातंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघींच्या आया आल्या आणि मागे बसल्या. तिसऱ्या दिवशी सातवी झालेली एक पोरगी थांबली. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "आज्जी, फॉर्म भरते मी. पण पप्पांना कोण सांगणार?"

मी विचारलं, "तुझे पप्पा घरी किती वाजता येतात?"