भिल्लीण झालेली गौरी

भाद्रपदाच्या पौर्णिमेला वर्धा जिल्ह्यात भुलाबाई माहेराला येते. हिंगणघाट तालुक्यात, अल्लीपूरकडे, तेव्हा कपाशीला बोंडं धरलेली असतात. मातीचे भुलोजी-भुलाबाई मांडायचे, टिपऱ्यांवर गाणी म्हणायची, डबा हलवून आतली खिरापत ओळखायची. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर केला की तिची पाठवणी.

ही भुलाबाई म्हणजे पार्वतीच, पण रानातली. सारीपाटात महादेव सगळं हरला, रुसून वनात गेला आणि तपाला बसला. त्याला परत आणायला तिनं भिल्लिणीचं रूप घेतलं. तो भुलला म्हणून भुलोजी आणि तिनं भुलवलं म्हणून भुलाबाई, असं बाया सांगतात. सारीपाटाची आणि भिल्लिणीची ही गोष्ट श्रीधरांच्या 1718 मधल्या शिवलीलामृतातही आहे.

तिचं कूळ याहून मागे जातं. मत्स्यपुराणातली पार्वती मुळात काळीसावळी. शंकरानं रंगावरून डिवचलं, ते तिला लागलं. तप करून तिनं सोन्यासारखी कांती मिळवली आणि ती गौरी झाली. टाकून दिलेल्या सावळ्या कातडीतून निराळीच देवी उभी राहिली. गोरेपणाचा सोस आपल्याकडे एवढा जुना आहे. तो काही सिनेमानं आणलेला नाही. तरीही वऱ्हाड-विदर्भातल्या पोरींनी महिनाभर घरात बसवली ती उलट वाटेनं गेलेली, गौरी असून भिल्लीण झालेली. मला या निवडीचं फार मोल वाटतं.

सिनेमातल्या राजकन्यांना गोरेपणाबाहेर यायला मात्र फार वेळ लागला. डिस्नेची हिमगौरी 1937 ची. अरबी गोष्टीतली जास्मिन पडद्यावर यायला 1992 उजाडलं. मग 1995 ला पोकाहाँटस, 1998 ला मुलान; काळ्या टियानाला तर 2009 पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे हिमगौरीनंतर 72 वर्षं.

पण भुलाबाईचंही सगळं सरळ नाही. तिनं भिल्लिणीचा नुसता वेश घेतला. खरी भिल्लाची लेक या गोष्टीत कुठेच नाही. वर्धेकडच्या रानातले लोक तर गोंड आणि कोलाम. त्यांच्या मुली गोष्टीच्या आणखीच बाहेर. बाजारातून आणलेल्या मूर्तीचा चेहराही बहुतेक वेळा गुलाबी असतो, भिल्लीण ओळखूच येत नाही.

यंदा भुलाबाई घरी घडवणार असाल तर शेतातलीच काळी माती घ्या, आणि चेहऱ्याला रंग देऊ नका.