एक तास कुठे गेला?

मंडळी, या विकांताचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाने तो भोगलेला आहे. आउटलुकच्या कॅलेंडरमध्ये मीटिंग अचानक एक तास पुढे किंवा मागे दिसायला लागते. आपण तिकीट टाकतो, पलीकडून उत्तर येतं, "मशीन रीस्टार्ट करून बघा." रीस्टार्टने आजवर पुष्कळ आजार बरे झालेत, पण हा होत नाही. का होत नाही हे समजून घ्यायचं तर मार्च २००७ मध्ये जायला हवं.

१९८७ पासून अमेरिकेत घड्याळं एप्रिलच्या पहिल्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जायची. वीस वर्षं हा नियम तसाच राहिला, त्यामुळे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी तो बदलणारच नाही असं जवळपास धरून चालायला सुरुवात केली होती. मग ८ ऑगस्ट २००५ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ऊर्जा धोरण कायद्यावर सही केली. वीज वाचावी म्हणून उन्हाळी वेळ लांबवली. २००७ पासून ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होणार आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपणार. म्हणजे २००७ साली १ एप्रिलऐवजी ११ मार्च.

आता गंमत बघा. आउटलुक मीटिंगची वेळ साठवताना ती यूटीसीमध्ये बदलून ठेवायचं. समजा न्यूयॉर्कच्या एका मॅनेजरने जानेवारीत २० मार्चची सकाळी ९ ची मीटिंग टाकली. जुन्या नियमाप्रमाणे २० मार्चला हिवाळी वेळ, म्हणजे यूटीसीच्या ५ तास मागे. नोंद झाली १४:०० यूटीसी. फेब्रुवारीत त्याच्या मशीनवर नव्या नियमाचा पॅच आला. आता २० मार्चला न्यूयॉर्क यूटीसीच्या ४ तास मागे. नोंद तीच, १४:०० यूटीसी. पण दिसायला लागले सकाळचे १०!

आणि पुण्यात? आपल्याकडे घड्याळ हलतच नाही. १४:०० यूटीसी म्हणजे संध्याकाळचे साडेसात, पॅचच्या आधीही आणि नंतरही. मॅनेजरच्या डोक्यात मात्र ९ च होते, म्हणजे आपले साडेसहा. दोन्हीकडची मशीन्स आपापल्या जागी बरोबर हिशेब करत होती, तरी माणसं एकमेकांना चुकत होती.

दिवसभराच्या नोंदींची तर आणखी फजिती. सुट्टी किंवा वाढदिवस मध्यरात्र ते मध्यरात्र असा साठवलेला असे. तो एक तास सरकला की रात्री १ ते दुसऱ्या रात्री १, म्हणजे एकच वाढदिवस दोन दिवस :)

मग मायक्रोसॉफ्टने दुरुस्तीची साधनं काढली. आउटलुकसाठी एक, एक्स्चेंज सर्व्हरसाठी दुसरं. पण ती चालवणं सोपं नव्हतं. पॅचच्या आधी टाकलेल्या मीटिंग सरकवायच्या, नंतरच्यांना हात लावायचा नाही. आणि आउटलुक २००३ मधल्या साध्या, एकदाच होणाऱ्या मीटिंगच्या नोंदीत कुठला नियम वापरला हे लिहिलेलंच नसायचं! आउटलुक २००७ मध्ये टाइमझोन नोंदीसोबत साठवायला लागले. शेवटी मायक्रोसॉफ्टचा एक सल्ला अगदी साधा होता: या तीन आठवड्यांतली प्रत्येक मीटिंग संशयास्पद समजा आणि वेळ मजकुरात शब्दांत लिहा.

व्हिस्टाच्या आधीच्या विंडोजमध्ये प्रत्येक टाइमझोनला एकच नियम ठेवायची जागा होती. नवा आला की जुना पुसला जायचा, त्यामुळे पॅचनंतर २००६ च्या मार्चअखेरच्या जुन्या मीटिंगसुद्धा तासभर सरकलेल्या दिसायच्या. युनिक्सवाले इथे शहाणे निघाले. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेल्या विदागारात प्रत्येक प्रदेशाचा नियम वर्षावार ठेवलेला असतो. भारताचीही नोंद आहे, दुसऱ्या महायुद्धात आपली घड्याळं एक तास पुढे होती त्यासकट. म्हणजे घड्याळ सरकवण्याचा खेळ आपणही खेळलोय. मुंबईने तर १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही ३९ मिनिटं मागे असलेली आपली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नव्हती. तेव्हा आउटलुक नव्हतं हे बरं.

एवढं करून वीज किती वाचली? अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००८ मध्ये अहवाल दिला: वाढीव दिवसांत रोजची सुमारे अर्धा टक्का, वर्षाच्या हिशेबात ०.०३ टक्के.

हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर तसं नाही. मोरोक्कोने २०१८ मध्ये घड्याळं मागे घ्यायच्या फक्त दोन दिवस आधी ठरवलं की घ्यायचीच नाहीत. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये सरकारने ऐनवेळी बदल लांबणीवर टाकला, काहींनी तो मानला, काहींनी नाही, आणि काही दिवसांत निर्णयच फिरला. यूटीसी घडून गेलेल्या गोष्टीसाठी उत्तम. पुढच्या भेटीसाठी मात्र गाव आणि तिथल्या घड्याळातली वेळ दोन्ही साठवायला हवी, कारण दरम्यान सरकारचं मन बदलू शकतं.

तेव्हा मीटिंग तासभर हलली तर आधी तारीख बघा. मार्चचा दुसरा रविवार किंवा नोव्हेंबरचा पहिला नुकताच गेलाय का? मग मीटिंग कोणी टाकली आणि कुठल्या टाइमझोनमध्ये, ते बघा. दर आठवड्याची मीटिंग टाकणाऱ्याच्या गावाला बांधलेली असते. न्यूयॉर्कच्या माणसाने ९ ची टाकली, तर हिवाळ्यात आपले साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. आपण भारतीय वेळेत टाकली, तर सरकायची पाळी त्याची. वर्षातून दोनदा कोणाची संध्याकाळ हलणार, हे त्या एका ड्रॉपडाउनमध्ये ठरतं आणि त्यावर चर्चा अशी कधी होतच नाही. पुढच्या वेळी मीटिंग टाकताना तो ड्रॉपडाउन एकदा उघडून बघा, आणि विषयात शहराचं नाव नि वेळ लिहून टाका. २००७ चा सल्ला आहे, पण अजून चालतो.