नोंदवही गावाच्या हाती

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची कथा आता महाराष्ट्राला जवळपास पाठ झाली आहे. 1972चा दुष्काळ, बोडके डोंगर, दारूच्या भट्ट्या, शहराकडे निघून गेलेली माणसे. मग 1989 साली सरपंच झालेले पोपटराव पवार, श्रमदान, समतल चर, भरलेल्या विहिरी, आणि 2020चा पद्मश्री. ही कथा खरी आहे, पण तिच्या सांगण्यात एक धागा नेहमी सुटतो. चर खणलेली गावे आपल्याकडे कितीतरी आहेत. त्यांतल्या अनेक गावांचे चर चार-सहा पावसाळ्यांत गाळाने भरले, बांधांतून पाणी पाझरले ते एकदोन उसाच्या फडांनी पिऊन टाकले, आणि उन्हाळ्यात टँकर पुन्हा वेशीत आला. हिवरे बाजारचे तसे झाले नाही. त्याचे एक मोठे कारण असे की हे गाव स्वतःबद्दल लिहायला शिकले, लिहिलेले सगळ्यांसमोर मांडायला शिकले, आणि ते लिहिणे वर्षामागून वर्षे चालवायला शिकले. पाऊस किती पडला, विहिरींत किती उतरला, त्यातला पिण्याला किती आणि पिकाला किती, हे गावाने स्वतः मोजले आणि स्वतःच्या फलकावर लिहिले. कुदळीच्या इतिहासाला जोडून हा लेखणीचा इतिहास वाचला नाही, तर हिवरे बाजार का टिकले ते नीट कळत नाही.

दख्खनचे गाव कधीच नोंदीवाचून नव्हते. फार पूर्वीपासून त्याचे दप्तर होते आणि ते कुलकर्ण्याच्या घरी होते. कोणाची जमीन किती, सारा किती, बाकी किती, हे सगळे त्या रुमालात बांधलेले. ज्याच्या नावे ते लिहिले जाई त्या कुणब्याला बहुधा ते वाचता येत नसे. जोतीराव फुल्यांनी 1883च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुलकर्ण्याच्या लेखणीवर जे कोरडे ओढले त्यांचे मूळ इथे आहे: ज्याच्या हाती नोंद त्याच्या हाती गाव. इंग्रजी अमलात 1835पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली, ती पुढे दख्खनभर पसरली. गाव शेतवार मोजले गेले, पण तीही मोजणी साऱ्यासाठी होती. 1884 साली नगर जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले ते राज्यकर्त्यांनी राज्यकर्त्यांसाठी लिहिलेले. 1915 साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ लिहिला, तो मराठीतला अपूर्व ग्रंथ खरा, पण लिहिणारे महसूल खात्यातले अधिकारी. 1917 साली हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास छापला, तो इंग्रजीत. स्वातंत्र्यानंतर 1950च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेले आणि दप्तर तलाठ्याकडे आले. हात बदलला, दिशा तीच राहिली. गावची नोंद गावाबाहेर जाण्यासाठीच होत राहिली: आधी कचेरीत, मग तहसीलात, मग मंत्रालयात. आणेवारी किती लावली आणि गाव टंचाईत धरले की नाही, हे गावाला वरून कळत असे.

याला पहिले ठसठशीत उत्तरही नगर जिल्ह्यातूनच आले होते, हे विसरता कामा नये. 1910 साली मुकुंदराव पाटलांनी सोमठाणे या खेड्यातून ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक सुरू केले आणि पुढे ते नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून चालवले. त्यांचे जन्मदाते वडील कृष्णराव भालेकर. सत्यशोधकांचे ‘दीनबंधु’ 1877 साली पुण्यात काढणारे तेच. पण पुण्यात पत्र काढणे वेगळे आणि खेड्यात काढणे वेगळे. वर्गणीदार शेतकरी, सुगी चांगली तर वर्गणी येणार, दुष्काळ पडला तर थकणार. कागद बाहेरून आणायचा, अंक टपालाने पाठवायचे, मजकुराची जबाबदारी एकट्याच्या डोक्यावर. अशा स्थितीत मुकुंदरावांनी हे पत्र 1967पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ चालवले. ‘कुलकर्णी लीलामृत’ हे 1913चे त्यांचे काव्य गावच्या नोंदीवरच्या मक्तेदारीवरच नेमके बोट ठेवते. स्वतःचे प्रकाशन उभारणे हे उत्साहाचे काम आहे आणि ते चालवणे हे शिस्तीचे. पहिले पुष्कळांना जमते, दुसरे थोड्यांना. ‘दीनमित्र’चा आणि हिवरे बाजारच्या फलकाचा थेट संबंध दाखवता येत नाही आणि तसा तो जोडूही नये. पण खेड्याने आपले म्हणणे आपल्या हाताने मांडावे आणि ते नियमाने मांडत राहावे, ही गोष्ट या जिल्ह्याला परकी नव्हती एवढे त्यातून नक्की दिसते.

आता हिवरे बाजार. नगर तालुक्यातले पर्जन्यछायेतले हे गाव, क्षेत्र सुमारे 975 हेक्टर, वर्षाचा पाऊस सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास आणि तोही भरवशाचा नाही. एके काळी पैलवानांसाठी ओळखले जाणारे गाव सत्तर-ऐंशीच्या दशकांत इतके बदनाम झाले की इथली बदली ही सरकारी नोकराला शिक्षा वाटत असे. ही बदनामीसुद्धा एक प्रकारची नोंदच होती, इतरांनी केलेली. 1989नंतर ग्रामसभा भरू लागली, शाळेकडे लक्ष गेले, आणि हळूहळू ठरावांची एक मालिका उभी राहिली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगण सिद्धीच्या धड्यावरून आली होती. 1993 साली यशवंत कृषी, ग्राम व पाणलोट विकास संस्था स्थापन झाली, 1994 साली गाव आदर्श गाव योजनेत आले आणि पाणलोटाच्या कामांना पैसा मिळाला. 1995च्या पाहणीत 180 कुटुंबांपैकी 168 दारिद्र्यरेषेखाली होती. हा आकडा आज गावाच्या यशाचे माप म्हणून सांगितला जातो. मला त्याचे दुसरे मोल वाटते. काम ऐन सुरू असताना गावाने आपली दैना आकड्यात मांडली, म्हणून पुढच्या प्रत्येक वर्षाला ताडून पाहायला काहीतरी उरले. ज्या गावांनी सुरुवात लिहून ठेवली नाही, त्यांना आपण किती चाललो हे सांगता येत नाही, आणि किती घसरलो हेही.

लेखणीचा खरा कस लागला तो पाणी आल्यावर. विहिरींना पाणी लागले की प्रत्येकाला ऊस दिसू लागतो. गावाने सिंचनासाठी कूपनलिका खोदायला बंदी घातली, ऊस आणि केळीसारखी पाणीपिती पिके बंद केली, जमीन बाहेरच्याला विकायची नाही असे ठरवले. पण बंदी कागदावर राहते, जोवर तिच्यामागचा हिशेब माणसाला दिसत नाही. 2004च्या सुमारास जिल्ह्यातल्या भूजल यंत्रणेच्या मदतीने गावाने पाण्याचे वार्षिक अंदाजपत्रक सुरू केले ते यासाठी. त्यातले गणित कोणालाही समजेल असे आहे. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी होते. म्हणजे हिवरे बाजारच्या शिवारावर पडणारा एकेक मिलिमीटर जवळजवळ 1 कोटी लिटरचा. 400 मिलिमीटर झाला तर 390 कोटी लिटर. एवढे पाणी वापराला मिळत नाही. काही वाहून जाते, काही उन्हाने उडते, काही मातीत ओल म्हणून राहते, आणि उरलेले भूगर्भात व बांधबंधाऱ्यांत साठते. गावातले पर्जन्यमापक पाऊस सांगतात, विहिरींची पातळी साठा सांगते. मग माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे आणि घरवापराचे पाणी पहिल्यांदा बाजूला काढायचे. उरलेल्यापैकी 70 टक्के शेतीला द्यायचे आणि 30 टक्के जमिनीत मुरण्यासाठी, पुढच्या सालासाठी राखायचे. रब्बीत काय पेरायचे आणि किती, हे या आकड्यांवरून ग्रामसभेत ठरते, आणि आकडे फलकावर सगळ्यांना दिसतात.

या फलकाने एक जुनी गोष्ट उलटी केली. तहसीलाकडे जाणारी नोंद गावाकडे वळली. तलाठ्याच्या दप्तरात पाऊस चुकीचा लिहिला गेला तर गावाला पत्ता लागत नसे. इथे फलकावर विहिरीची पातळी चुकीची लिहिली तर त्या विहिरीवर मोट चालवलेला म्हातारा चावडीसमोर उभा राहून ती खोडू शकतो. लिहिणारा, वाचणारा आणि ज्याच्याबद्दल लिहिले तो, हे तिघे एकाच गावात राहतात. नोंदीच्या खरेपणाची याहून मोठी हमी नसते. शेजाऱ्याने लपूनछपून ऊस लावला तर त्याला अडवायला पोलीस लागत नाही, कारण कोणाच्या वाट्याचे पाणी तो घेतो आहे हे आधीच जाहीर झालेले असते. आणि वाईट सालीही हिशेब मांडायचाच असतो. किंबहुना त्याच साली त्याचा उपयोग. पाऊस कमी झाल्याचे ऑक्टोबरात लिहिले गेले तर पेरा घटवता येतो. मार्चमध्ये कळले तर फक्त टँकर मागता येतो. 2012-13च्या दुष्काळात जिल्ह्यातली किती गावे टँकरवर होती आणि हिवरे बाजार का नव्हते, याचे उत्तर त्या ऑक्टोबरात आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हे सगळे एका समर्थ नेत्याचे आणि सरकारी पैशाचे फळ, फलकाला एवढे श्रेय कशाला? नेता आणि पैसा नसता तर काही झाले नसते, हे मान्यच करायला हवे. पण आदर्श गाव योजनेत हिवरे बाजार एकटे नव्हते, आणि पाणलोटाचा पैसा तर राज्यभर गेला. पैसा चर खणतो. चराखालचे पाणी कोणी किती उपसायचे हे पैसा ठरवत नाही. नेत्याबद्दल म्हणाल तर नेत्याचा शब्द एक पिढी चालतो. त्याचा शब्द आकड्यात उतरला, तर तो नसतानाही त्यावर वाद घालता येतो, तो तपासता येतो. पोपटराव पवारांचे सर्वांत दूरदृष्टीचे काम मला हेच वाटते की त्यांनी पाण्याचा निर्णय स्वतःच्या वजनावर न ठेवता सगळ्यांना दिसणाऱ्या हिशेबावर ठेवला.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. जे गाव स्वतःबद्दल लिहिते ते स्वतःची स्तुतीच लिहिणार. एकजुटीच्या गावात वेगळा सूर दबतो. शिवाय पाण्याच्या हिशेबात ज्याला जमीनच नाही त्याचा वाटा कुठे आहे? यात तथ्य आहे. राष्ट्रीय जल पुरस्कार मिळालेल्या, देशभरातून पाहुणे येणाऱ्या गावाला आपली तीच तीच गोष्ट सांगण्याची सवय लागणे सोपे आहे. बिनविरोध निवडणुका हे जसे एकोप्याचे लक्षण मानले जाते तसे ते गप्प बसण्याचेही असू शकते. जानेवारी 2021मध्ये सुमारे तीस वर्षांनी हिवरे बाजारात मतदान झाले आणि पवारांच्या पॅनेलने सर्व जागा जिंकल्या. निकाल काही लागो, मतदान झाले हे चांगलेच झाले. पण या आक्षेपाचे उत्तर नोंद बंद करण्यात नाही, ती रुंद करण्यात आहे. पाण्याचा आकडा पुरस्काराच्या मजकुरासारखा फुगवता येत नाही, कारण विहीर साक्षीला असते. भूमिहीनाची मजुरी, बाईच्या डोक्यावरचा हंडा, दुभत्या जनावराचा चारा हेही त्याच फलकावर आले, तर हिशेब पुरा होईल. पिण्याच्या पाण्याला पहिला मान देऊन गावाने त्या दिशेला एक पाऊल टाकलेलेच आहे, कारण ते पाणी सातबारा विचारत नाही.

हिवरे बाजारनंतर ही कल्पना शासनानेही उचलली. डिसेंबर 2019मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या ग्रामपंचायतींनी पाण्याचा ताळेबंद करावा अशी अपेक्षा होती. आंध्रात त्याआधीच शेतकऱ्यांनी स्वतः विहिरींची पातळी मोजून पिकांचे अंदाज बांधण्याचा मोठा प्रयोग केला होता. धोका एवढाच की ताळेबंद योजनेची अट म्हणून केला, सल्लागाराने तालुक्याच्या गावी बसून भरला आणि फायलीला जोडला, की तो पुन्हा कुलकर्ण्याच्या रुमालात गेला. अनुदान संपले की तो बंद पडणार. मुकुंदरावांचे पत्र चालले ते आठवड्याला अंक निघालाच पाहिजे या एका नियमावर. गावचा फलकही त्याच नियमावर चालेल.

म्हणून ज्या गावांनी पाणलोटाची कामे केली आहेत त्यांच्या ग्रामपंचायतींना एक विनंती. येत्या मृगाआधी शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवा, गावाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाच्या विहिरी निरीक्षणासाठी ठरवा, रोजचा पाऊस आणि महिन्याची पातळी वहीत लिहायला दोन माणसे नेमा, त्यांतली एक बाई असू द्या. पावसाळा सरल्यावरच्या ग्रामसभेत ती वही मोठ्याने वाचा आणि आकडे चावडीवर रंगवा. चुकले तर लोक दुरुस्त करतील. जुन्या वह्या मात्र रद्दीत घालू नका. आणि हिवरे बाजारने आपल्या ठरावांची इतिवृत्ते आणि इतक्या वर्षांचे पाण्याचे हिशेब एकत्र करून जसेच्या तसे छापावेत, पाऊस कमी पडलेल्या आणि अंदाज चुकलेल्या सालांसकट.